आडोशाला उभी

११ ऑगस्ट

डायरी दिली ती बी गेल्या सालची. बियाण्याच्या दुकानदारानं माझ्या पोराच्या हातात कोंबली, अन् फुकट हाय म्हणून हे येडं दोन्ही हातांनी घेऊन आलं. वार सगळे चुकलेले. आज रविवार हाय, हितं शुक्रवार छापलाय. पहिल्या पानावर दुकानदाराचा फोटो हाय, तो मात्र कोणत्याही सालात चालतोय.

हे सांगून झालं. आता रामराम. मी बायनाबाई. चौथीत बसलते, उठले तवा लग्न ठरलं होतं. धारूरच्या किल्ल्याच्या पायथ्याला गाड्या लावतात, तिथं बसून विकते. पावसाळ्यात भाजलेली कणसं, मग सीताफळं. बोलायला माणूस उरलं न्हाई म्हणून लिहिते असं कुणी समजू नये. पानं कोरी हायेत, वाया कशाला घालवायची.

आजपासून मला दुसरं बी काम लागलं. गाडीतळाच्या कडेला किल्ल्याच्या पर्यटन समितीनं संडासाच्या दोन खोल्या बांधल्यात, एक बायांची, एक बाप्यांची. नळ न्हाई, टाकी न्हाई. तिथवर पाणी चढत न्हाई म्हणून बिनपाण्याच्या. पातळ एका नळीनं मागच्या कॅनमधी जातं, घट्ट खालच्या कोठीत पडतं. वरून डबाभर कोरडी राख टाकायची, मग वास येत न्हाई अन् पुढं त्याचं खत होतं. असं योगिता सांगते. योगिता म्हणजे अंबाजोगाईहून आलेली इंजिनियर पोरगी. पायरीवर माझ्या शेजारी बसून तिनं सगळं दोनदा सांगितलं. चुलीचीच राख, कोरडीच राख, पाण्याचा थेंब न्हाई. मी म्हणले, बाई, कळलं, मी काय बहिरी हाय का दोनदा सांगायला.

किल्ली समितीच्या अमरसिंहानं माझ्याकडं दिली. कावून मला? कारण दुसरं कुणी घेईना. संडासाची किल्ली कमरेला लावली की लोक नावं ठेवतात. मला ठेवायची ती नावं लोकांनी कवाच ठेवून झालीत.

१३ ऑगस्ट

चतुराबाई शेंगांची पाटी घेऊन आली अन् माझ्या डाव्या हाताला बसाय लागली. मी म्हणले, तिथं नको, मुंग्या निघतात. ती उठून पलीकडं गेली. मी तिथं पोतं अंथरून ठेवलंय, वर दगड ठेवलाय. मुंग्यांसाठी.

ती जागा रुकसानाची. आमी दोघी जोडीनं विकायलो तवा माझे केस काळे होते अन् तिचे दात होते. ती सीताफळ हातात घेऊन सांगायची, हे आज दे, हे उद्या, ह्याचे डोळे अजून उघडले न्हाईत. मी गिऱ्हाइकाशी भांडायची, ती फळ निवडायची. माझं तिचं असं वाटून घेतलेलं काम.

तवा हितं गाडीतळ नव्हता, ओढा होता, अन् ओढ्याच्या काठाला तरवडाची झुडपं. पुरुषभर उंच. आमी तिथं जायचो, एकटीनं कधी न्हाई. एक बसायची, दुसरी पाठ करून पदर पसरून उभी. अन् तेवढ्यात बोलून घ्यायचं. सासूचं, पोरांचं, कुणाच्या सुनेला दिवस गेले ते. घरात बोलता येत न्हाई असं सगळं आमी तरवडात बोललो. वाटेनं बाप्या आला की खोकतो, मग उभी असलेलीनं सांगायचं, बाया हायेत, पलीकडून जा. बसलेलीनं तोंड उघडायचं न्हाई. हा नेम माझ्या सासूपासूनचा, तिच्या बी सासूपासूनचा असंल.

मग लोक मोबाइलवर किल्ल्याचे फोटो टाकाय लागले, गाड्या वाढल्या, जेसीबी आला. ओढा बुजवला, तरवड उपटला. मी काय, मला लाज कमी. मी भिंतीमागं कुठंबी जायची. रुकसाना न्हाई गेली. ती सकाळपासून पाणीच पिणं सोडली. दिवसभर दाबून धरायची. असं दोन सीझन काढलं. गेल्या साली भर बाजारात थंडी वाजून पडली. किडनीत पू झालता. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं, अन् तिथून तिची लेक सहर तिला आपल्या घरी घेऊन गेली. सहरचं म्हणणं, जिथं बसायला जागा न्हाई तिथं अम्मीला धाडणार न्हाई.

बरोबरच बोलली. मी काय भांडायला गेले न्हाई.

१५ ऑगस्ट

झेंडा झाला, मग संडासाची फीत कापली. अमरसिंहानं भाषण केलं, पर्यटन, स्वच्छता, तालुक्यात पहिलं. टाळ्या झाल्या. मग म्हणला, कुणीतरी वापरून दाखवा. सगळे एकमेकांकडं बघाय लागले. शेवटी मीच गेले. एवढ्या लोकांनी बाहेर उभं राहून मला कधीच धाडलं नव्हतं.

बसायची जागा चांगली हाय. भिंत पक्की. पण कुणीतरी दार वाजवलं अन् मला आतून वरडावं लागलं, हाय मी, हाय. आतून. साठी उलटली, आजवर असं कधी केलं नव्हतं. 

पण खोलीत एक खोट हाय. धुवायला जागाच न्हाई. बिनपाण्याचं म्हणजे माणसानं काय करायचं, दगड घ्यायचा का कागद? रुकसाना तर पाण्याशिवाय बसणारच न्हाई. तिचं नमाजाचं हाय.

१८ ऑगस्ट

रविवार. गर्दी. प्रत्येक जण बिसलेरीची बाटली घेऊन आत जातो अन् सगळी कोठीत ओततो. मी दारात उभं राहून सांगते, पाणी टाकू नका, राख टाका. एक चष्मेवाला म्हणला, आजी, राख कशी टाकू, मला अस्थमा हाय. मी म्हणले, मग नाक धरून टाक, ते पाणी टाकलंस तर सगळ्यांनाच नाक धरावं लागंल.

संध्याकाळी वास आलाच.

१९ ऑगस्ट

योगितेला फोन लावला. धुवायचं काय म्हणून विचारलं. ती म्हणली, आजी, नकाशात हाय की. बसायच्या भांड्याच्या शेजारी धुवायचा दगड, त्याचं पाणी खडीच्या खड्ड्यात, बाहेर झाडाला. बांधणाऱ्यानं तो केलाच न्हाई, मी लिहून कळवलंय. म्हणजे पोरीला आधीच कळलं होतं.  फोन ठेवताना म्हणले, जेवलीस का. एवढं पुरं.

माझा पुतण्या हनुमान हाय, परळीच्या थर्मलमधून राखेचा टिप्पर भरून वीटभट्ट्यांना टाकतो. त्याला म्हणले, खालच्या शेतातून दगडाची एक सपाट फाडी आण. आणली. दोघांनी बसवली, बाहेर खड्डा खणून खडी भरली, खालून त्यात नळी काढली. आता बसायचं तिकडं, धुवायचं हिकडं. खडीच्या खड्ड्यावर मी तरवडाचं रोप लावलं. कुठंतरी लावायचंच होतं.

२५ ऑगस्ट

सहरला फोन केला. रुकसानाला दे म्हणाय सुचलं न्हाई, सहरलाच सगळं सांगितलं. भिंत हाय, दार हाय, कडी आतून लागते, धुवायला दगड केलाय, बाया-बाप्यांचं येगळं हाय. सीझन महिन्यावर आलाय.

सहर म्हणली, "मावशी, वास येतो का?"

मी म्हणले न्हाई. मग म्हणले, थोडा.

ती म्हणली, "वास बंद झाला की सांगा. मी स्वतः घेऊन येते. अम्मी रोज विचारते, तरवड परत आला का म्हणून."

तरवड कसा परत येईल. बाईला अक्कल न्हाई. मी रोपाला पाणी घातलं.

२ सप्टेंबर

पोळा. बैलांची शिंगं रंगवली अन् चुना उरला. राख मात्र चार दिवसांखालीच संपली. घरोघरी हिंडले राख मागत. निम्म्या घरात गॅस. माझी सून म्हणती, सासूबाई, संडासासाठी चूल पेटवू का आता? मी म्हणले, पेटव, तुझा स्वयंपाक चुलीवर तरी बरा होईल. ती दोन दिवस बोलली न्हाई. सायलीच्या, म्हणजे नातीच्या, हातून भाकरी आली.

आज अमरसिंह नाक धरून आला. म्हणला, दसऱ्यानंतर तालुक्याचे साहेब बघाय येणार हायेत. असाच वास राहिला तर मी कुलूप लावून ठेवीन, इज्जत जायची. मी म्हणले, कुलूप लावलंस तर किल्ली माझ्या कमरेलाच हाय. तो हसला. पण कुलूप दुसरं बी मिळतं, हे त्याला बी माहीत हाय अन् मला बी.

५ सप्टेंबर

डोक्यात एकदम प्रकाश पडला. राख राख करत दारोदार हिंडते, अन् घरातलाच पुतण्या टिप्परनं राख वाहतो. हनुमान म्हणला, काकू, ती कोळशाची हाय. मी म्हणले, राख ती राख. कोळसा काय अन् लाकूड काय, जळालं की सारखंच.

दहा गोण्या टाकून गेला. काय बारीक राख, पिठासारखी. पोळ्याचा उरलेला चुना बी मिसळला, माशा मरतात त्यानं. सढळ हातानं टाकली. वास एका दिवसात गायब. अमरसिंह आला, श्वास घेतला, म्हणला, मावशी, मानलं.

सहरला फोन करणार होते. म्हणले आठ दिवस बघू, मग करू.

१४ सप्टेंबर

वास न्हाई. सीताफळाला डोळे पडाय लागले. पहिली पाटी आली, पण निम्मी कच्ची निघाली. माझ्या हाताला कळत न्हाई, मला फक्त भांडता येतं. एका बाईनं फळ परत आणून दिलं. मी भांडले न्हाई. तिलाच चुकल्यासारखं झालं.

चतुराबाई परत त्या पोत्यावर बसाय निघाली. म्हणली, बायना, मुंग्या कुठं दिसत न्हाईत. मी म्हणले, तू बसलीस की निघतील.

उद्या सहरला फोन करते.

१५ सप्टेंबर

फोन केला न्हाई. कसा करू.

सकाळी बायांच्या खोलीत एकजण गेली अन् बाहेर येऊन म्हणली, आजी, खाली भरलंय. मी म्हणले, येवढ्यात कसं भरंल. मागचं झाकण उघडलं. काठी घातली तर टक्क वाजली. परत घातली, टक्क. हनुमानाला बोलावलं, तो वाकून बघितला अन् खाली बसून पोट धरून हसाय लागला. म्हणला, काकू, ह्याच्याच तर विटा पाडतात. ही राख, त्यात तू चुना घातला, वरून लोकांनी बाटल्या ओतल्या. भट्टीवाले बी येवढा चांगला माल बनवत न्हाईत.

कोठीत ओटा झालाय. गुळगुळीत. पातळाची नळी बी त्यातच बसली. पोरीनं दोनदा सांगितलं होतं, चुलीचीच राख.

दोन्ही खोल्या बंद केल्या. बाया येत हायेत, दार बघून परत जात हायेत. एक म्हातारी गाडीत बसून राहिली, खाली उतरलीच न्हाई. मी तिला ओळखलं. म्हणजे तिला न्हाई, तिचं ते बसणं.

१७ सप्टेंबर

अमरसिंहाला कळलं. ओरडला न्हाई, ते जास्त लागलं. नवीन कुलूप आणलं अन् लावून गेला. म्हणला, मावशी, सीझन संपल्यावर बघू. सीझन संपल्यावर काय बघायचं? सीझन संपल्यावर किल्ल्यावर माकडं येतात, त्यांना सोय लागत न्हाई.

२२ सप्टेंबर

आज रुकसानाचा फोन आला. सहरचा न्हाई, तिचाच. आवाज बारीक झालाय. म्हणली, बायना, सीझन लागला, तुझा फोन न्हाई, मेलीस का काय?

खोटं बोलणार होते. काम चालू हाय, रंग द्यायचा राहिलाय असं काहीतरी. पण तिच्याशी आडोशाला उभं राहून जन्म गेला, तिथं खोटं कसं बोलायचं ते माहीतच न्हाई. सगळं सांगितलं. हनुमानाची राख, पोळ्याचा चुना, काठी टक्क.

पलीकडं काहीच ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला. मग कळलं, ती हसाय लागली होती. खोकत, हसत, मधीच "या अल्ला" करत. सहर मागून विचारत होती, अम्मी क्या हुआ. लई वेळानं म्हणली, "क्या गे बायना, तुला संडास सांभाळाय दिला अन् तू किल्ला बांधलीस."

मी म्हणले, हस, हस, तुझे दात न्हाईत म्हणून बरं दिसतं.

मग तिनं दम खाल्ला. म्हणली, दस्तगीरकडं जा. दस्तगीर तिचा भाचा, धारूरला लाकडाचं मशीन हाय त्याचं. तिथं रंध्याचा भुसा ढिगानं पडलाय, कोरडा, जाळून टाकतो. माझं नाव सांग. राख नको वापरू परत, तुझ्यावर भरोसा न्हाई.

फोन ठेवला तवा कणीस जळून गेलं होतं. दोन पोरं पैसे हातात धरून उभी होती, त्यांना तसंच दिलं. त्यांनी खाल्लं बी.

२३ सप्टेंबर

योगितेला फोन करून विचारलं, भुसा चालंल का. ती म्हणली, आजी, उत्तम चालंल, फक्त कोरडा पाहिजे. ह्यावेळी मी दोनदा सांगायला लावलं.

मग अमरसिंहाच्या घरी गेले. त्याची आई ओसरीवर होती. तिला म्हणले, बाई, तू जवानीत कुठं जायचीस? ती म्हणली, पलीकडच्या तरवडात, तुमीच तर दोघी असायच्या तिथं. मी म्हणले, तुझ्या पोरानं तरवड बी काढला अन् खोलीला कुलूप बी लावलं. अमरसिंह आत जेवत होता, ऐकत होता. हात धुऊन आला अन् किल्ली दिली. म्हणला, दसऱ्यापर्यंत. मी म्हणले, पुष्कळ झालं.

२ ऑक्टोबर

पाऊस झाला म्हणून काम थांबलं होतं. आज हनुमान पहार घेऊन आला. मी झाकणापाशी, तो आत. दिवसभर फोडलं. सिमेंटसारखे तुकडे निघाले, वास मात्र कशालाच न्हाई. हनुमान म्हणला, काकू, घरापुढं ओट्याला लावू का? मी म्हणले, तुझ्या बायकोला विचार.

नळी नवी टाकली. दस्तगीरनं पोत्यावर पोती भुसा दिला, पैसे घेईना. म्हणला, फुफीनं फोन करून धमकी दिलीय. फुफी म्हणजे आत्या, आपली रुकसाना.

दारावर चित्र काढून घेतलं सायलीकडून. बाटली, तिच्यावर काट. शेजारी धुवायचा दगड, त्याच्यावर बाण. लिहिलेलं कुणी वाचत न्हाई, मी बी न्हाई.

१४ ऑक्टोबर

दसरा झाला. साहेब आले, बघितलं, फोटो काढला, चहा पिऊन गेले. वास न्हाई. मला भुशाचा वास येतो फक्त, नवं दार बसवल्यासारखा. अमरसिंहानं मला पुढं केलं, साहेब म्हणले, आजी, तुमचं मनोगत सांगा. मी म्हणले, साहेब, राख कोळशाची नको. ते मान हलवून पुढं गेले, त्यांना काही समजलं न्हाई.

सहरला फोन केला. वास येतो का, विचारलं तिनं. न्हाई म्हणले. थोडा बी न्हाई. ती म्हणली, रविवारी.

१८ ऑक्टोबर

सीताफळ संपत आलं. चांगली फळं मी येगळी काढून ठेवली, कच्ची. रविवारपर्यंत डोळे उघडतील का न्हाई ते तीच सांगंल.

पोतं झटकलं. दगड काढून ठेवला, परत ठेवला.

२० ऑक्टोबर

आली. अंबाजोगाईच्या बसनं, मग रिक्षानं. निम्मी झालीय. बुरखा मोठा दिसत होता अन् आतली बाई लहान. सहर हाताला धरून होती. मी उठले न्हाई, गिऱ्हाईक होतं.

चतुराबाई तोंडाची फाटकी, तिनं लगेच सांगून टाकलं की बायना आमाला तिथं बसू देत न्हाई, मुंग्या निघतात म्हणती. रुकसानानं दगड बाजूला सारला, पोतं उचलून खाली बघितलं. म्हणली, "एक बी न्हाई की."

मी म्हणले, तुला बघून पळाल्या.

बसली. माझी पाटी पुढं ओढली, फळं हातात घेऊन बघाय लागली. हे दे. हे उद्या. हे कशाला तोडलं बायना, ह्याचे डोळे आता उघडायचेच न्हाईत. मी ते बाजूला ठेवलं. मी गिऱ्हाइकाशी भांडले. लई दिवसांनी नीट भांडता आलं.

आल्याआल्या तिला पाणी दिलं होतं. पेला हातात धरून बघत राहिली, पिऊ का नको. मी म्हणले, पी, आता कुठं अडलंय. पूर्ण पेला पिली. सहर तिकडं तोंड करून किल्ला बघाय लागली.

दुपारी ती उठली. मी किल्ली घेऊन बरोबर गेले. भुशाचा डबा दाखवला, धुवायचा दगड दाखवला, तांब्या भरून दिला. कडी कशी लावायची ते दाखवलं. ती आत गेली अन् मी बाहेर दाराकडं पाठ करून उभी राहिले. उभं राहिल्यावर कळलं, मी पदर पसरलाय. भिंत हाय, दार हाय, कडी हाय, अन् मी पदर पसरून उभी. आवरला न्हाई.

वर हवेसाठी जाळी हाय. तिथून आवाज आला, "बायना, हायेस का?"

मी म्हणले, हाय, बोल.

मग ती बोलली. सहरच्या घरी सगळं चकाचक हाय, संडास घरातच, फरशीवर फरशी, गरम पाणी येतं. सगळं हाय. आत गेलं की कडी लावायची अन् आपलं आपण गप बसायचं. बाहेर कुणी उभं नसतं. वर्ष झालं, म्हणली, मला वाटतं मी काहीतरी बोलायची विसरलेय अन् काय ते आठवत न्हाई. जावई चांगला हाय, त्याचं काही न्हाई. मग तिनं जावयाच्या बहिणीचं जे सांगितलं ते हितं लिहिण्यासारखं न्हाई. मी लिहिणार बी न्हाई, ते तरवडातलं हाय.

तेवढ्यात पुण्याकडची एक बाई मला ओलांडून तरातरा आली अन् मी काही बोलायच्या आत दारावर थाप मारली. अन् आतून रुकसानाचा आवाज आला, "हाय, हाय कुणीतरी."

तिनंच जबाब दिला. आतून. बसलेली. एवढ्या वर्षांत तिनं कधी दिला नव्हता. वर्षभरात शिकली. एकटं राहिलं की माणूस काय काय शिकतं.

त्या बाईला मी असं बघितलं की ती थेट गाडीत जाऊन बसली.

रुकसाना बाहेर आली, हात धुतले, बुरखा नीट केला. तरवडाच्या रोपाकडं बघून म्हणली, हे मोठं व्हायला लई दिवस लागतील. मी म्हणले, तुला कुठं जायचंय? सहर म्हणली, चारची बस. पुढच्या रविवारी बघू, अम्मीचं अंग बघून. बघू म्हणजे काय ते मला कळतं.  राखून ठेवलेली फळं बांधून दिली. त्यातलं एक तिनं परत काढून माझ्या पाटीत ठेवलं, म्हणली, हे रविवारी.

रिक्षात बसताना मी तिचा हात धरला, तो बी सहरला दिसंल असा, अन् सांगितलं. आता हितं बी लिहून ठेवते, पुढच्या रविवारी ती आली की परत ऐकवायचं हाय. तू आत असलीस अन् कुणी दार वाजवलं, कुणीबी, अमरसिंह असू दे, तालुक्याचा साहेब असू दे, तर तू तोंड उघडायचं न्हाई. बाहेर मी उभी हाय. जबाब मी देणार.